पृथ्वीचा सातबारा

स्क्रल लोकांनी पृथ्वीवर पहिल्यांदा चाल केली तेव्हा त्यांना हाकलायला ना बॉम्ब लागला ना लेझर, कॉमिकमधून कापलेली चित्रं पुरली. १९६२ सालची गोष्ट, 'फॅन्टॅस्टिक फोर'चा दुसरा अंक, लेखक स्टॅन ली, चित्रं जॅक कर्बी. हे स्क्रल म्हणजे हिरव्या कातडीचे, टोकदार कानांचे, हनुवटीवर खाचा असलेले आणि मनात येईल ते रूप घेणारे. त्यांचं आरमार वर अंतराळात टपून बसलेलं, आणि त्या चौघा नायकांचा म्होरक्या रीड रिचर्ड्स त्यांच्याच हेराचं सोंग घेऊन थेट सरदारापुढे उभा राहतो नि सांगतो की ही पृथ्वी काही आपल्याला झेपायची नाही, हे बघा फोटो. फोटोत एकेक राक्षस. हे राक्षस त्याने 'स्ट्रेंज टेल्स' आणि 'जर्नी इन्टू मिस्टरी' या कॉमिक्समधून कापलेले असतात, म्हणजे त्याच मार्व्हल कंपनीच्या, त्याच काळात स्टॉलवर मिळणाऱ्या अंकांतून. सरदाराची तंतरते, आरमार परत जातं. मग खाली उरलेल्या हेरांचं काय करायचं? रीड त्यांना संमोहित करतो आणि गाई व्हायला सांगतो. ते गाई होतात, कुरणात चरायला लागतात, अंक संपला.

आता कुठल्याही लेखकाने हे विसरून पुढे जायला हरकत नव्हती. मुलांचं कॉमिक, महिन्याला एक अंक काढायचा, कोण लक्षात ठेवतंय. पण नऊ वर्षांनी रॉय थॉमस नावाच्या माणसाला आठवलं की अरे, त्या गाई अजून तिथेच असतील की! आणि त्याने त्या गाईंना परत आणलं, तेही थॉर, आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका यांच्या रूपात, आणि त्यांच्या तोंडून अॅव्हेंजर्सची टीमच बरखास्त करून टाकली. मला हा लेखक तिथेच आवडला.

ही सगळी मालिका म्हणजे क्री-स्क्रल युद्ध, 'अॅव्हेंजर्स'चे अंक ८९ ते ९७, कव्हरवरच्या तारखांप्रमाणे जून १९७१ ते मार्च १९७२. सुरुवातीच्या अंकांची चित्रं सॅल ब्युसेमाने काढली, ९३ पासून नील अॅडम्स आला, शाई टॉम पामरची, आणि डेडलाइनच्या गडबडीत शेवटचा ९७ जॉन ब्युसेमाकडे गेला. एका बाजूला हे हिरवे बहुरूपी, अँड्रोमेडा दीर्घिकेतले. दुसऱ्या बाजूला क्री, शिस्तीचे, लष्करी, स्वतःच्या निळ्या कातडीचा भलता अभिमान असलेले, इतका की त्यांच्यातल्याच गोऱ्या-गुलाबी क्रींना ते कमी लेखतात. त्यांचा राजा म्हणजे टाकीत तरंगणारं एक अवाढव्य हिरवं डोकं, मेलेल्या विद्वानांचे मेंदू एकत्र करून बनवलेलं. आपल्याकडे जुन्या मंडळींना वाटतं ना की आधीची पिढीच शहाणी होती, त्यांना हे राज्य फार पटेल.

माझ्याकडे यातला एकच अंक आहे, ९३. ठाणे स्टेशनच्या बाहेर जुन्या पुस्तकांचा ढीग लावून बसणाऱ्या एका काकांकडून घेतलेला. त्यांनी तो गाईड आणि प्रश्नसंचांच्या गठ्ठ्यात ठेवला होता, बहुतेक साइज जुळली म्हणून. बावन्न पानी जाड अंक, मूळ किंमत पंचवीस सेंट, त्याआधीचे अंक पंधरा सेंटचे. मागचं कव्हर गायब आहे. पुढच्या कव्हरवर निळ्या बॉलपेनने कुणीतरी आडनावासकट सही केलीय, वळणावरून पोरगं तिसरी-चौथीतलं असावं. पिना गंजल्यात आणि पिनांभोवती कागदावर चहाचा डाग पडावा तसं तांबूस वर्तुळ उमटलंय. मधल्या पानांत कसरीने एक बोगदा खणलाय, अगदी बारीक, एका पानातून दुसऱ्या पानात जाणारा, आणि योगायोग बघा, तो बोगदा बरोबर त्या प्रकरणातून जातो जिथे अँट-मॅन मुंगीएवढा होऊन व्हिजनच्या तोंडातून त्याच्या शरीरात शिरतो. व्हिजन हा यंत्रमानव, बेशुद्ध पडलाय, का ते कळत नाही, म्हणून आत जाऊन बघायचं. सोबत तीन मुंग्या, त्यांची नावं क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश, म्हणजे त्या काळच्या गाजलेल्या बँडची. आत काय दिसतं तर तारा, पडदे, गुहा, अंगावर धावून येणारे संरक्षक गोळे. भिंग लावून बघितलं तर ते सगळं निळ्या, लाल, पिवळ्या ठिपक्यांचं बनलेलं, आणि मधेच कसरीचं भोक, ज्यातून पुढच्या पानावरचा लाल रंग डोकावतो. मला तर आता ते भोक नसलेली कॉपी बघितली की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

बाकी अंक मी एकत्र संग्रहात वाचलेत, चांगल्या कागदावर छापलेल्या. कथा समजायला तेच बरं.

या कॉमिकमध्ये वारंवार सांगितलं जातं की पृथ्वी दोन साम्राज्यांच्या मध्ये आहे, मोक्याची जागा आहे, म्हणून दोघांनाही हवी. क्री राहतात मोठ्या मॅजेलॅनिक मेघात, म्हणजे शेजारच्या एका लहान दीर्घिकेत, आपल्यापासून साधारण एक लाख साठ हजार प्रकाशवर्षं. स्क्रल अँड्रोमेडात, पंचवीस लाख प्रकाशवर्षं. म्हणजे पृथ्वी मध्ये आहे असं म्हणणं हे सीएसटी आणि नागपूरच्या मध्ये कल्याण आहे असं म्हणण्यासारखं आहे, खोटं नाही पण मध्यावर वगैरे अजिबात नाही. गंमत म्हणजे आपल्या इथून यातलं काहीच धड दिसत नाही. मॅजेलॅनिक मेघ दक्षिणेकडे इतका खाली आहे की नवी मुंबईतून तो क्षितिजाच्या जेमतेम एक-दीड अंश वर येतो, तिथे कायम धुरकट पट्टा. आणि अँड्रोमेडा नोव्हेंबरच्या संध्याकाळी डोक्यावर येतो खरा, पण नेरुळच्या गच्चीवरून पाम बीच रोडच्या दिव्यांत तो शोधायचा म्हणजे डोळे फोडून घ्यायचे. एक शत्रू क्षितिजाला टेकलेला, दुसरा उजेडात हरवलेला, आणि दोघं मिळून आपल्या जागेवर भांडतायत.

आपल्या जागेवर. इथे माझं घोडं अडतं.

कारण हे सगळं वाचताना अमेरिकन वाचक अॅव्हेंजर्सच्या बाजूने वाचतो, ते स्वाभाविकच आहे, पण मी कधी तसं वाचूच शकलो नाही. थॉमसला या कथेचं बीज सापडलं ते रेमंड एफ. जोन्सच्या 'धिस आयलंड अर्थ' या १९५२ च्या कादंबरीत आणि तिच्यावरच्या सिनेमात. त्याच्या ९३ व्या अंकाचं नावच 'धिस बीचहेड अर्थ'. कादंबरीत एक दृष्टांत येतो तो मला फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या छोट्या छोट्या बेटांवर अमेरिका आणि जपान लढत होते. बेटावरच्या लोकांना हे युद्ध कशाबद्दल आहे ते माहीत नव्हतं, त्यांना फक्त कामाला लावलं गेलं, विमानांची धावपट्टी बांधा म्हणून. तशीच ही पृथ्वी. बेट. वर कोण कुणाशी का लढतंय त्याच्याशी बेटाचा संबंध नाही, बेटाची फक्त जागा हवी.

धावपट्टी हा शब्द आला की उलव्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

माझा एक मित्र आहे, नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एका गावचा. त्याचं जुनं घर होतं तिथे आता कुंपणाच्या आतला सपाट भाग आहे. उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली, नदीचा प्रवाह वळवला, भराव टाकला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, सगळ्या जगाने व्हिडिओ बघितले. तो इंग्रजी कॉमिक्सचा माणूस नाही, लहानपणी मराठीतून वेताळ वाचायचा, इंद्रजाल कॉमिक्स, जी १९९० मध्ये बंद पडली. एकदा घरी आला तेव्हा हा ९३ टेबलावर होता, आणि मी त्याला कथा सांगत होतो, म्हणजे मी सुरू झालो की थांबत नाही, क्री असे नि स्क्रल तसे, अमुक दीर्घिका नि तमुक आरमार, तो बिचारा चहा पीत ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं.

"पृथ्वीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे रे?"

मी हसलो, तो नाही हसला. म्हणजे तो गंभीर वगैरे नव्हता, त्याला खरंच कथेतला हा मुद्दा राहून गेल्यासारखा वाटत होता. त्याच्या दृष्टीने दोन पार्टी भांडतायत, ठीक आहे, पण तिसरी पार्टी जी जागेवर राहते तिला नोटीस आली का, तिची हरकत नोंदवली का, मोबदला काय ठरला? नऊ अंकांत हे कुणीच विचारत नाही हे खरंय. रोनन नावाचा क्रींचा न्यायाधीश-कम-जल्लाद येतो आणि पृथ्वीवरच्या माणसांना उत्क्रांतीत मागे ढकलून परत आदिमानव करायचा बेत आखतो, कारण जागा हवी पण जागेवरची माणसं शहाणी झालेली नकोत. कॉमिकमध्ये ही खलनायकी वाटते. पण नीट बघितलं तर जमीन घेणाऱ्याच्या मनातली ही फार जुनी इच्छा आहे.

आणि काळ बघा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवीन शहराचा नकाशा काढला जात होता त्याच दिवसांत तिकडे न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि अॅडम्स ही पानं करत होते. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही हे मला कळतं. पण मी वाशीत शाळेत गेलो, सेक्टर आणि नोड हे शब्द मला गावाच्या नावांच्या आधी कळले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जमिनीसाठीच्या आंदोलनात जासई आणि दास्तान फाट्याला गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्या आंदोलनानंतर पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, खूप नंतर या मित्राच्या वडिलांकडून कळलं. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव घेताना ते अजूनही खुर्चीत सरळ होऊन बसतात. तेव्हा माझ्या डोक्यात हे दोन नकाशे एकमेकांवर बसतात ते बसतातच, मी काय करू.

आपल्याकडच्या १९७१ ची दुसरीही बाजू आहे. त्या ऑगस्टमध्ये भारत-सोव्हिएत करार झाला, डिसेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध, आणि अमेरिकेने सातव्या आरमारातली 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडली तर तिच्या मागावर रशियन जहाजं आली. आमची आई तेव्हा नौपाड्यात राहायची. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, गाड्यांच्या हेडलाइटना अर्धा काळा रंग, भोंगा वाजला की सगळे दिवे बंद, आणि शेजारची पोरं अंधारात भुताच्या गोष्टी सांगायची, हे ती अजून रंगवून सांगते. दोन महासत्तांची जहाजं आपल्या दारातल्या समुद्रात एकमेकांकडे रोखून बघतायत आणि आपण नौपाड्यात काचांना कागद चिकटवतोय, या अनुभवातून गेलेल्या माणसाला बेटाची उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

पण थॉमसला रशिया-अमेरिका एवढंच म्हणायचं नव्हतं. मला वाटतं कथेचा खरा दम ९२ व्या अंकाच्या आसपास आहे, जिथे एकही मोठी लढाई नाही. झालेलं असं की रोननच्या उद्योगाचे तीन साक्षीदार असतात, आर्क्टिकमधल्या तळावरचे. अॅव्हेंजर्स त्यांच्याकडून शब्द घेतात की बाहेर बोलायचं नाही, लोक घाबरतील. ते शब्द देतात आणि जाऊन पेपरवाल्यांना सगळं सांगतात. (हे वाचून ज्याला सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आठवला नाही तो नशीबवान.) मग लोक बिथरतात. आपल्यात परग्रहवासी लपलेत! क्रॅडॉक नावाचा एक सिनेटर चौकशी आयोग बसवतो, यादी काढतो, कोण आपला कोण परका. १९५० च्या दशकात मॅकार्थीने कम्युनिस्टांच्या नावाने जे केलं त्याचीच ही नक्कल, अमेरिकन वाचकाला लगेच ओळखू येणारी. मार-व्हेल नावाचा क्री, ज्याने पृथ्वीसाठी स्वतःच्या लोकांशी वैर घेतलं, त्याच्यावर दगडफेक करायला लोक तयार. आणि शेवटी कळतं काय, तर हा क्रॅडॉक स्वतःच स्क्रल. परक्यांना शोधा म्हणून ओरडणाराच परका. ९७ व्या अंकात त्याचं सोंग उघडं पडतं आणि त्यानेच भडकवलेला जमाव त्याला मारून टाकतो.

इथे मला थॉमसचा राग येतो. कारण हे घडतं आणि कथा पुढे जाते. एक जमाव एका जिवाला ठेचून मारतो आणि कुणी हूं की चूं करत नाही, जणू बरंच झालं, स्क्रल होता. अख्ख्या मालिकेत ज्या वेडेपणाविरुद्ध बोलला, त्याच वेडेपणाला शेवटी खलनायकाच्या शिक्षेचं काम दिलं. कदाचित पानं संपली असतील. नऊ अंकांत त्याने काय काय कोंबलंय, क्रींनी पूर्वी पृथ्वीवरच्या माणसांवर प्रयोग करून घडवलेले इनह्यूमन्स आहेत, स्क्रल सम्राट आणि त्याच्या मुलीचं घरगुती नाटक आहे, व्हिजन आणि स्कार्लेट विच यांचं न बोललेलं प्रेम आहे. बायकांना मात्र पळवून नेलं जाण्यापलीकडे फार काम नाही. त्या काळी तसंच चालायचं म्हणून सोडून देता येईल, पण चिडायला होतं.

माझ्या मित्राच्या सातबाऱ्याचं उत्तर या मालिकेत नाही, पण तीन वर्षांनी आलेल्या 'अॅव्हेंजर्स'च्या १३३ व्या अंकात आहे असं मला वाटतं, १९७५ चा अंक, लेखक स्टीव्ह एंगलहार्ट. त्यात हे वैर सुरू कसं झालं ते सांगितलंय. फार फार पूर्वी स्क्रल हे लढवय्ये नव्हते, व्यापारी होते. ते क्रींच्या ग्रहावर आले तेव्हा तिथे दोन जमाती राहत होत्या, क्री आणि कोटाटी. कोटाटी म्हणजे झाडं. बोलणारी, विचार करणारी झाडं. स्क्रल म्हणाले की आम्ही तुमच्यातल्या एकालाच तंत्रज्ञान देणार, स्पर्धा घेऊ. दोन्हींचे काही जण दोन ओसाड जागी सोडले, वर्षभरात काय करता बघू. क्रींना आपल्या चंद्रावर आणून सोडलं, त्यांनी तिथे एक झगमगतं निळं शहर उभं केलं. कोटाटींनी त्यांच्या ओसाड गोळ्यावर बाग फुलवली. स्क्रलांचं मत बागेकडे झुकतंय हे लक्षात आल्यावर क्रींनी कोटाटींची कत्तल केली, स्क्रलांनाही मारलं, त्यांचं यान लुटलं आणि त्यावरून शिकून साम्राज्य उभारलं. मग स्क्रलही शस्त्रं घेऊन उठले, आणि पुढे युगानुयुगं दोघं लढतायत.

हे मी मित्राला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे मूळ जागामालक झाडं होती. मग म्हणाला, त्यांच्या वारसांचं काय झालं? काही वाचली का? मी म्हटलं वाचली, लपून. तो म्हणाला, "मग केस उभी राहते." आणि त्याला ऑफिसात कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

आता जमवाजमवीच्या धंद्याबद्दल थोडं, कारण हा अंक माझ्या कपाटात आहे तो त्यामुळेच. जुन्या कॉमिक्सचा बाजार एका गोष्टीला सगळ्यात जास्त पैसे मोजतो, पहिलं दर्शन. कुठलं पात्र पहिल्यांदा कुठल्या अंकात आलं. म्हणून गाईंचा तो १९६२ चा अंक सोन्याच्या भावात, क्री पहिल्यांदा आले ते १९६७ चे 'फॅन्टॅस्टिक फोर' ६४ आणि ६५ वरच्या भावात, मार-व्हेलचा पहिला अंक तसाच. सिनेमा आला की भाव चढतो, 'कॅप्टन मार्व्हल' या २०१९ च्या सिनेमाने तर स्क्रलांना निर्वासित करून टाकलं, घर शोधत भटकणारे, आणि लोक परत जुने अंक धुंडाळायला लागले. पण जिथे गोष्ट संपते त्या अंकाला कुणी फार विचारत नाही. शेवटाला बाजारात किंमत नाही, हे मला नेहमी विचित्र वाटत आलंय.

दुसरं म्हणजे ग्रेड. २००० सालापासून अमेरिकेत सीजीसी नावाची कंपनी हे करते, अंक तपासायचा, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण द्यायचे आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करायचा, वर गुणांची पट्टी. ९.८ आला की मालक खूश. त्या पेटीतला अंक वाचता येत नाही, वाचायचा तर पेटी फोडायची आणि गुण गेले. माझा ९३ पाठवला तर दीड-दोन येईल, तोही तपासणाऱ्याने दया केली तर. शिवाय आमच्याकडे खाडीची हवा. जुलैत नेरुळला भिंत हाताला ओली लागते, तिथे न्यूजप्रिंटची काय कथा, त्या कागदात मुळातच आम्ल असतं, तो आपसूक पिवळा पडून ठिसूळ होतो. मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, आई येऊन त्यात वेखंडाच्या पुरचुंड्या टाकून जाते, तिचा जेलवर विश्वास नाही. आता कपाट उघडलं की दिवाळीच्या उटण्यासारखा वास येतो आणि कसर गेली आहे हे मात्र खरं, कशाने गेली यावर घरात दोन पक्ष आहेत.

या बाजारातली माझी आवडती गोष्ट म्हणजे तिकिटं. १९७४ मध्ये मार्व्हलने वाचकांच्या पत्रांच्या पानावर छोटी चित्रतिकिटं छापायला सुरुवात केली, कापा आणि वहीत चिकटवा. लाखो पोरांनी कापली. त्यातल्या एका अंकात, 'इन्क्रेडिबल हल्क'च्या १८१ मध्ये, वुल्व्हरिन हा पुढे गाजलेला नायक पूर्ण रूपात पहिल्यांदा आला, आणि आज त्या अंकाचं तिकीट कापलेलं असेल तर किंमत धाडकन खाली येते. विक्रेते पान उलटून आधी तेच बघतात. बाजाराच्या दृष्टीने त्या पोराने नुकसान केलं. पण सुरुवातीला सांगितलं ना, रीड रिचर्ड्सनेही हेच केलं होतं, कात्री घेऊन कॉमिक कापलं आणि पृथ्वी वाचवली. त्याच्या 'स्ट्रेंज टेल्स'ला किती ग्रेड मिळाली असती कुणास ठाऊक.

आणि गंमत अशी की ९७ वा अंक परत तिथेच येतो. सगळे वीर थकलेत, अडकलेत, दोन्ही आरमारं एकमेकांना भिडायला निघालीत, आणि मध्ये आहे रिक जोन्स. साधा पोरगा, शक्ती नाही, पोशाख नाही, बहुतेक अंकांत कुणाच्या तरी मागे पळणारा. तो क्रींच्या त्या डोक्यापुढे पकडलेला आहे. आणि तो काय करतो, तर लहानपणी वाचलेली १९४० च्या दशकातली कॉमिक्स आठवतो. त्याच्या आठवणीतून ते जुने, बंद पडलेले, आता कुणी छापत नसलेले नायक जिवंत होऊन बाहेर पडतात, ब्लेझिंग स्कल, पॅट्रियट, फिन, सगळे कधीचे विसरलेले, आणि त्याच्यासाठी लढतात. त्यानंतर त्याच्यातली शक्ती पूर्ण जागी होते आणि दोन्ही सैन्यं जागच्या जागी गोठतात. युद्ध संपतं. आता टीकाकार म्हणतात की हे म्हणजे लेखकाने हात झटकले, क्रींच्या टाकीतल्या त्या डोक्यानेच सगळं घडवून आणलं वगैरे, आणि कथा म्हणून ते बरोबरही आहे, एवढं मोठं युद्ध एका पोराच्या कपाळातल्या उजेडाने थांबवणं म्हणजे जरा जास्तच. पण मला तो शेवट आवडतो. ज्याला कुणी विचारलं नव्हतं, ज्याची जागा फक्त मोक्याची होती, त्या बाजूचा एक पोरगा रद्दीत गेलेली कॉमिक्स आठवून दोन साम्राज्यं थांबवतो, आणि त्याच्याकडे त्यातला एकही अंक पेटीत बंद नव्हता, फक्त वाचलेले होते.

तर मी सध्या ९७ शोधतोय. बाजारात तो स्वस्त आहे, आधी म्हटलं तसं शेवटाला गिऱ्हाईक नाही, पण अमेरिकेतून मागवायचा म्हणजे अंकापेक्षा पोस्टेज आणि कस्टम जास्त. ठाण्याच्या काकांना नंबर देऊन ठेवलाय, ते म्हणाले असे इंग्रजी आले की बाजूला ठेवतो, आणि मग मला विज्ञानाचा प्रश्नसंच हवाय का विचारलं. कव्हर नसलं तरी चालेल, सही असली तरी चालेल, पिना गंजलेल्या चालतील. फक्त रिकचं ते पान शाबूत हवं. मित्राला वाचायला द्यायचाय, त्याचं म्हणणं आहे की गोठलेल्या सैन्यांचा पंचनामा कुणीतरी केला असेलच, तो बघू.